खंडूसाठी घर हवंय : सहा वर्षांचा गावठी बोका, पुणे

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका प्राणी निवाऱ्यात मी शनिवार-रविवारी मांजरांच्या खोलीत मदतीला जाते. तिथल्या खंडूसाठी घर शोधतेय. इथे पिल्लांसाठी धागा निघाला की पटापट हात वर होतात, हे पाहिलंय. खंडू पिल्लू नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करड्या अंगावर काळे पट्टे, पोटाकडे पांढुरका, असा हा आपला साधा गावठी बोका. दातांवरून डॉक्टरांनी वय सहाच्या आसपास सांगितलंय. मासळी बाजाराच्या मागे सापडला तेव्हा मानेवरची चावल्याची जखम पिकली होती, एक कान टोकाशी फाटला होता आणि नसबंदी न झालेल्या बोक्यांची होतात तशी गालफडं फुगलेली होती. जखम भरली, मग नसबंदी झाली. तीन आजारांची एकत्र लस आणि रेबीजची लस, दोन्ही झाल्यात. जंताचं औषध झालंय. गालफडं उतरली, कान मात्र तसाच राहणार.

रक्ततपासणीत तो एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) पॉझिटिव्ह निघाला. ल्युकेमियाच्या विषाणूची तपासणी (एफईएलव्ही) निगेटिव्ह आहे. ही गोष्ट मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहितेय, कारण फोनवर सगळं जुळत आल्यावर शेवटी ती सांगणं मला मान्य नाही. प्रश्न असतील तर विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

स्वभाव : पहिल्या दिवशी मांडीवर येणाऱ्यातला तो नाही. तुम्ही जमिनीवर बसून आपलं काही वाचत बसलात तर हातभर अंतरावर येऊन बसेल. मग कपाळ पुढे करेल. दोन्ही कानांच्या मधे चोळलेलं त्याला फार आवडतं, पोटाला हात लावलेला अजिबात नाही. उचललं की अंग ताठ करतो, पण ओरखडत नाही. झाडूला घाबरतो. कोणी झाडायला आलं की कपाटाखाली जातो आणि झाडू कोपऱ्यात गेल्यावरच बाहेर येतो. बाजारात त्याने काय काय सोसलं असेल, ते यावरून कळतं. लिटर बॉक्स (शी-शूची पेटी) पहिल्या आठवड्यातच शिकला. आवाज फक्त जेवणाच्या वेळी, आणि तो मात्र दणदणीत.

घर कसं हवं? पूर्ण घरात राहणारं मांजर म्हणून ठेवणारं. खिडक्या-बाल्कनीला जाळी. घरात दुसरं मांजर नसलं तर उत्तम; असलंच तर शांत आणि नसबंदी झालेलं. सतत उचलून घेणारं अगदी लहान मूल नको. घर स्वतःचं की भाड्याचं, वन आरके की बंगला, तुम्ही एकटे की एकत्र कुटुंबात, याने मला काही फरक पडत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. लोक पिल्लू मागतात कारण 'लहानपणापासून वाढवलं की आपलं होतं' असं वाटतं. पण दोन महिन्यांचं पिल्लू पुढे काय होईल, माणसाळू की एकलकोंडं, शांत की रात्रभर घर डोक्यावर घेणारं, हे कोणीच सांगू शकत नाही. सहा वर्षांचं मांजर तुमच्यासमोर आहे तसं आहे. ज्या घरात दिवसभर माणसं कामाला जातात किंवा घरी वयस्कर मंडळी आहेत, तिथे प्रौढ मांजरच जास्त चांगलं रुळतं, असं मला वाटतं. निवाऱ्यात मात्र पिल्लं आठवड्याभरात जातात आणि ही थोर मंडळी मागे राहतात.

चिंचोके

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आहे. एक शंका. एफआयव्ही म्हणजे मांजरांचा एड्सच ना? माझ्या ओळखीत एक कुटुंब घेऊ शकेल, पण त्यांच्याकडे आजी आहेत आणि पाच वर्षांची मुलगी आहे. त्यांना काय सांगू?

इंद्रायणीकाठ

चिंचोके, धन्यवाद. माणसाला एफआयव्ही होत नाही. आजींना नाही, मुलीला नाही, घरातल्या कुत्र्यालाही नाही. हा विषाणू फक्त मांजरवर्गातला आहे. १९८६ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या मांजरांमध्ये पहिल्यांदा सापडला. एचआयव्हीच्या कुळातला असल्यामुळे 'मांजरांचा एड्स' हे नाव पडलं आणि त्या नावानेच या मांजरांचं निम्मं नुकसान केलंय.

पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून. म्हणूनच भांडखोर, नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये जास्त दिसतो. एका ताटलीत खाल्ल्याने, एकमेकांना चाटल्याने सहसा पसरत नाही. घरात राहिलं, खाणं नीट असलं आणि आजार लवकर पकडला तर यातली कितीतरी मांजरं वर्षानुवर्षं छान जगतात.

पाच वर्षांच्या मुलीबद्दल : ती मांजराला त्याच्या मर्जीने येऊ देईल का, यावर ते आहे. काही मुलं फार समजूतदार असतात. तिला घेऊन भेटायला यायला सांगा. ती जमिनीवर शांत बसली तर खंडूच काय ते ठरवेल.

गोठ्यातला_डॉक्टर

मी साताऱ्याकडे पशुवैद्य आहे. गाई-म्हशी जास्त, पण हल्ली मांजरंही बरीच येतात. इंद्रायणीकाठ यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. त्यात थोडी भर.

एफआयव्हीची झटपट तपासणी विषाणू दाखवत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दाखवते. त्यामुळे लहान पिल्लू पॉझिटिव्ह आलं तर घाबरून निर्णय घेऊ नका. आईकडून आलेली प्रतिपिंडं सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यानंतर पुन्हा तपासायचं. मोठ्या बोक्यात निकाल पॉझिटिव्ह आला की तो बहुधा खरा असतो, तरी दुसऱ्या पद्धतीने एकदा खात्री केलेली बरी.

अशा मांजरांत तोंडाकडे लक्ष ठेवा. हिरड्या लाल होणं, लाळ गळणं, ताटलीपाशी जाऊन मागे फिरणं दिसलं की दाखवायला आणा. कच्चं मांस, कच्चे मासे देऊ नका. त्यातले जंतू निरोगी मांजर झेपवून नेतं, याला जड जाईल. वर्षातून दोनदा वजन आणि तोंड तपासून घ्या.

आणि हे सगळ्याच मांजरवाल्यांसाठी : ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायची काही औषधं मिळतात, त्यात परमेथ्रिन असतं. तेही मांजराला विष आहे. दोन्ही प्रकारच्या केसेस माझ्याकडे येतात आणि दर वेळी घरच्यांनी ते प्रेमापोटीच केलेलं असतं.

कोकणकडा

माझं मत थोडं वेगळं आहे. जन्मभर मोकळा फिरलेला बोका फ्लॅटमध्ये कोंडायचा कशाला? आमच्या गावी गोठा आहे, भाताचं कोठार आहे, उंदीर भरपूर. तिथे सोडला तर राजासारखा राहील. गावाकडे मांजरं अशीच वाढतात आणि आनंदात असतात. खर्च, दळणवळण सगळं मी बघतो.

इंद्रायणीकाठ

कोकणकडा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, म्हणून नीट उत्तर देते.

मांजर माणसाइतकंच जागेला धरून असतं. अनोळखी गावात मोकळं सोडलं की पहिल्या एक-दोन दिवसांत बहुतेक मांजरं निघून जातात, जुन्या जागेच्या शोधात. मधे रस्ता असतो, कुत्री असतात. शिवाय तुमच्या वाडीत आधीचे बोके असतीलच. ते नवा गडी खपवून घेणार नाहीत, मारामारी होणार. खंडूला तर चावे नकोतच, आणि त्याच्या चाव्यातून तुमच्या गावातल्या मांजरांना एफआयव्ही मिळेल. हे मी कसं होऊ देऊ?

गोठ्यातली मांजरं आनंदात असतात, हे मीही आजोळी पाहिलंय. पण दरवर्षी तीच मांजरं दिसायची का, हे आठवून बघा. आमच्याकडे मनी तीच असायची आणि पिल्लं दर उन्हाळ्यात नवी. आधीची कुठे गेली, हे कोणी विचारायचं नाही.

तुमच्याकडे खरंच जागा आणि मन दोन्ही असेल, तर गावातल्या मांजरांची नसबंदी करून घ्यायला मदत करा. मांजरीचे दिवस दोन महिन्यांत भरतात आणि पिल्लं दुधावर असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. एका भाटीचं ऑपरेशन झालं तरी कोठाराच्या पोत्यामागे मरणारी कितीतरी पिल्लं वाचतात.

कोकणकडा

भाटीचा मुद्दा पटला. पुढच्या खेपेला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करतो.

रानवाट

या निमित्ताने मनातलं लिहिते. मागच्या वर्षी एका संस्थेकडे मांजर दत्तक घ्यायला गेलो होतो. मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी! नवरा काय करतो, घर कितवा मजला, बाहेरगावी गेलात तर कोण, आधीचं मांजर कशाने गेलं. शेवटी 'जाळी नाही' म्हणून नकार. आम्ही दोघं नोकरदार, प्राण्यांवर जीव असलेली माणसं. रस्त्यावर हजारो मांजरं मरतायत आणि तुम्ही चांगल्या घरांना परत पाठवता. मग लोक दुकानातून विकत आणणार नाहीत तर काय?

चिंचोके

रानवाट +१. माझ्या बहिणीलाही असाच अनुभव.

इंद्रायणीकाठ

रानवाट, तुम्हाला दुखावलं गेलं ते समजतंय. प्रश्न विचारण्याची एक रीत असते आणि सगळीकडे ती सांभाळली जाते असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न का विचारतात ते सांगते, कारण तेच प्रश्न मीही विचारते.

'फुकट पिल्लू' अशी जाहिरात दिली की सगळेच फोन प्रेमाचे नसतात. कोणाला पिल्लांचा धंदा करायचा असतो, कोणाला मुलाच्या वाढदिवसापुरतं खेळणं हवं असतं. त्याहून वाईट हेतूही असतात, ते इथे लिहीत नाही. म्हणून ओळखपत्राची प्रत, घराचं दर्शन, नसबंदीची लेखी हमी आणि नंतर अधूनमधून फोटो. बाहेरगावी गेल्यावर कोण बघणार हा प्रश्न तर सगळ्यात कामाचा, कारण परत येणाऱ्या मांजरांपैकी बरीच दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत येतात.

आता जाळी. 'मांजर कुठूनही पडलं तरी पायावरच पडतं' यावर आपला सगळ्यांचा फार विश्वास आहे. पायावर पडतं हे खरं. पण उंचावरून पायावर पडलं तरी छाती आदळते, हनुवटी आपटून जबडा मोडतो, टाळू दुभंगते, फुफ्फुसाला मार बसतो. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्राणी रुग्णालयाने इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातली सुमारे नव्वद टक्के वाचली, आणि तेवढाच आकडा लोक सांगत फिरतात. पण ती रुग्णालयापर्यंत पोहोचलेली मांजरं होती. जी जागीच गेली त्यांना कोण कशाला तिथे नेईल? आणि जी वाचली त्यांतल्याही अनेकांना तातडीचे उपचार लागले होते.

कबुतराच्या मागे मांजर धावतं तेव्हा त्याला कठडा दिसत नाही. पुण्यात कबुतरं नसलेली बाल्कनी मला दाखवा.

कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं. जाड विणीची किंवा स्टीलची घ्या, चारही बाजूंनी ताणून हुकांना बांधलेली. स्लायडिंग खिडकीला डासांची जाळी असते तिच्यावर विसंबू नका, मांजराच्या वजनाने ती चौकटीसकट निघते. एकदम सगळ्या घराचा खर्च झेपत नसेल तर एक बेडरूम आणि एक खिडकी आधी करा, मांजर तेवढ्यात ठेवा, बाकीचं महिन्या-दोन महिन्यांत. हे कोणी तुम्हाला सुचवलं असतं तर तुमच्या घरी आज मांजर असतं, असं वाटून मला वाईट वाटतंय. अजूनही उशीर झालेला नाही.

रानवाट

एक खोली आधी, हे खरंच कोणी बोललं नव्हतं. नवऱ्याला दाखवते हे.

पारिजातक

आम्ही पूर्ण शाकाहारी. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. पण त्यांनाच मांजर हवंय! त्यांच्या माहेरी होतं म्हणे, दूध-भातावर वाढलेलं. आम्ही दूध, दही-भात, पनीर, तूप-पोळी सगळं देऊ. चालेल का?

इंद्रायणीकाठ

पारिजातक, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पण नुसत्या दूध-भातावर नाही चालणार. त्यांच्या माहेरचं मांजर दूध-भात खाऊन वर उंदीर, पाली, चिमण्या मारून पोट भरत होतं. तेच मांजर तिसऱ्या मजल्यावर दार लावून ठेवलं तर उपाशी राहील, पोट भरलेलं दिसलं तरी.

मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. आपलं शरीर ते तयार करू शकतं, मांजराचं पुरेसं करू शकत नाही, आणि वनस्पतींमधून ते मिळत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळं होतं, हृदयाचे स्नायू पातळ होतात. हे हळूहळू होतं, आणि लक्षात येईपर्यंत डोळ्यांचं नुकसान भरून येण्यापलीकडे गेलेलं असतं. दुधाचं म्हणाल तर बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मार्ग आहे. चांगल्या प्रतीचं तयार कोरडं खाणं. घरात काही शिजवायचं नाही, फ्रिजमध्ये काही ठेवायचं नाही. मांजराची ताटली, चमचा, डबा वेगळा, गॅलरीत किंवा हॉलच्या कोपऱ्यात. त्यात मांस असतं हे सासूबाईंना आधी स्पष्ट सांगा, लपवू नका. त्यांना ते मनापासून चाललं तर मांजर आणा. नाहीच चाललं तर ससा, गिनीपिग असे घास-पाला खाणारे जीवही घराची वाट बघत असतात. कुठलाही निर्णय घेतलात तरी त्यात कमीपणा नाही.

पारिजातक

सासूबाईंना वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'त्याचा धर्म त्याने पाळावा, आपला आपण.' कोरडं खाणं गॅलरीत चालेल म्हणाल्या!! पण खंडूच्या तोंडाच्या तक्रारीचं वाचून त्यांना जरा धास्ती वाटतेय. दुसरं कोणी शांत आहे का?

इंद्रायणीकाठ

आहे. एक काळी मांजर आहे, चारेक वर्षांची, एका डोळ्याने दिसत नाही. पिल्लू असताना सर्दीच्या विषाणूने डोळा गेला, आता काही त्रास नाही. लोक तिच्यापाशी थांबतात आणि 'काळी आहे हो' म्हणून पुढे जातात. तुमच्याकडे काळ्या रंगाचं काही नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिचे फोटो पाठवते.

पारिजातक

सासूबाई म्हणतात, सटवाईचं वाहन मांजर, त्याला रंग कोण विचारतो. व्यनि केला आहे.

चहाबाज

तुमच्याकडे पर्शियन येतं का कधी? असेल तर सांगा. मुलांना तेच हवंय.

इंद्रायणीकाठ

चहाबाज, येतात, आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त येतात. लॉकडाउनमध्ये घेतलेली किती आली त्याला गणती नाही. केस रोज विंचरावे लागतात हे विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं, मग जटा होतात, त्याखाली कातडी सोलवटते. चपट्या तोंडाच्या मांजरांना श्वासाचा त्रास असतो, डोळे सतत पाणावतात, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे त्यांना सोसत नाही. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आहे. रोज विंचरायची आणि उन्हाळाभर खोली थंड ठेवायची तयारी असेल तर तुमचं नाव लिहून ठेवते. त्यांनाही घर हवंच असतं. पण मुलांना एकदा निवाऱ्यात घेऊन या आणि कुठलं मांजर आवडतं ते तिथेच बघू द्या. तिथे गेल्यावर मुलं जात विसरतात, हे अनेकदा पाहिलंय.

मोगरा_आणि_मी

विषयाला धरून आहे म्हणून विचारते. मला तिसरा महिना आहे. घरात चार वर्षं आमची माऊ आहे. सासर-माहेर दोन्हीकडून एकच सूर, 'मांजर काढून टाका, बाळाला धोका.' डॉक्टरांनी टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं नाव घेतलं. मला रात्री झोप नाही. तिला खरंच द्यावं लागेल का?

गोठ्यातला_डॉक्टर

मोगरा, आधी अभिनंदन. घाबरू नका आणि मांजर देऊ नका. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी हे जरूर बोला, टॉक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी हवी का तेही त्याच ठरवतील. पण मांजराच्या बाजूने विज्ञान असं आहे :

हा परजीवी मांजराच्या शरीरात जातो तो कच्चं मांस किंवा उंदीर-पक्षी खाल्ल्याने. पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, नंतर सहसा आयुष्यात पुन्हा नाही. चार वर्षं घरात राहून तयार खाणं खाणाऱ्या माऊला याच महिन्यांत नव्याने लागण होण्याची शक्यता फार कमी. शिवाय बाहेर पडलेली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे लिटर रोजच्या रोज साफ केलं तर तो रस्ताच बंद होतो. ते काम नवऱ्याकडे द्या. अगदी तुम्हालाच करावं लागलं तर हातमोजे घाला आणि साबणाने हात धुवा.

माणसांना याची लागण अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाज्यांतून, बागेतल्या मातीतूनही होते. कोथिंबीर-मेथी नीट धुणं आणि कुंड्यांत काम करताना हातमोजे घालणं हे मांजर असो-नसो करायचंच.

इंद्रायणीकाठ

डॉक्टर, तुमचे किती आभार मानू. 'घरात बाळ येणार आहे' या कारणाने दर महिन्याला कोणी ना कोणी मांजर घेऊन येतं. पाच-सात वर्षं घरात वाढलेलं मांजर एकदम पिंजऱ्यात येतं तेव्हा ते खाणं सोडतं. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. मोगरा, कोणाचं ऐकू नका. डॉक्टरांचा हा प्रतिसाद घरातल्या सगळ्यांना पाठवा.

आणखी एक, कायद्याचं. प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांपूर्वीचे आकडे अजून तेच आहेत. या आकड्याची मला चीड येते. आणि सोसायटीवाले मांजर ठेवू देत नाहीत म्हणून सोडणाऱ्यांसाठी : भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्या मुख्यतः कुत्र्यांबद्दल असल्या तरी सोसायटीला पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही हा मुद्दा त्यांत आहे. ठराव बहुमताने केला असला तरी. ते पत्र छापून सेक्रेटरींच्या हातात द्या.

सातासमुद्रापार

धागा दोनदा वाचला. मी लेस्टरला असते, आईबाबा कोथरूडला. बाबा एकाहत्तर, आई अडुसष्ट. दोघंच. बाबांना वर्षभर मांजर हवंय आणि मीच 'नको' म्हणत होते. पिल्लू आणलं तर ते पंधरा-सोळा वर्षं जगेल, तेव्हा यांचं वय काय असेल, पायात घुटमळून कोणी पडलं तर, असं सगळं. सहा वर्षांच्या शांत बोक्याचा विचारच केला नव्हता.

आम्ही इथे कॅट्स प्रोटेक्शन नावाच्या संस्थेकडून मांजर घेतलं. १९२७पासूनची संस्था आहे. तिथेही पुष्कळ प्रश्न विचारले, घर रस्त्यापासून किती लांब वगैरे. मांजर मिळालं तेव्हा नसबंदी, लस, मायक्रोचिप सगळं झालेलं. जून २०२४पासून इंग्लंडमध्ये मांजराला वीस आठवड्यांच्या आत चिप लावणं सक्तीचंच झालंय. हरवलेलं मांजर त्यामुळे मालकापर्यंत पोहोचतं. भारतात चिप लावून मिळते का?

मुख्य प्रश्न : इतक्या वयाच्या माणसांना तुम्ही मांजर देता का? आणि त्यांना काही झालं तर काय?

इंद्रायणीकाठ

सातासमुद्रापार, देतो, आनंदाने देतो. दिवसभर घरात माणूस, ठरलेल्या वेळी जेवण, आवाज कमी. खंडूला याहून चांगलं काय हवं? पायात घुटमळण्याची भीती पिल्लाच्या बाबतीत खरी आहे. खंडू चालत्या माणसापासून लांब राहतो, तुम्ही बसलात की येतो. तरी रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा चालू ठेवायला सांगा.

पुढचा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात याचं फार बरं वाटलं. अर्जावर आम्ही दुसऱ्या पालकाचं नाव घेतो. जवळचं कोणी, पुण्यातलंच, जे आजारपणात दोन-चार दिवस बघेल आणि वेळ आलीच तर मांजराला आपल्याकडे नेईल. ते लेखी असतं. आणि कोणीच उरलं नाही तर मांजर निवाऱ्यातच परत येतं, रस्त्यावर नाही. चिप पुण्यातही बरेच डॉक्टर लावतात. खंडूला लावून घेऊ.

आईंचं मत काय आहे? बाबांना हवंय हे कळलं, पण लिटर आणि ताटली कोण बघणार हे दोघांनी बसून ठरवायला हवं. दोघांना एकत्रच भेटीला पाठवा.

सातासमुद्रापार

आईची अट एकच, देवघरात जाता कामा नये. चुलत भाऊ कर्वेनगरला असतो, तो दुसरा पालक व्हायला तयार आहे. रविवारी तिघं येतायत.

चिंचोके

वाचतेय. रविवारनंतर नक्की लिहा.

इंद्रायणीकाठ

विचारणाऱ्या सगळ्यांसाठी.

काका-काकू आले होते. काका खोलीत सतरंजीवर बसले, गुडघे दुखत असतानाही. खंडू कपाटाखालून बघत होता. काका त्याच्याकडे न बघता पुतण्याशी क्रिकेटचं बोलत राहिले. बऱ्याच वेळाने तो आला आणि काकांच्या चपलांचा वास घेत बसला. कपाळ पुढे केलं नाही. मला वाटलं काका नाराज होतील, पण ते म्हणाले, 'पहिल्याच भेटीत एवढं पुष्कळ झालं.' काकूंनी सगळे कागद दोनदा वाचले आणि आजवर मला कोणीही विचारला नव्हता असा प्रश्न विचारला, झाडू कुठल्या प्रकारचा बघून घाबरतो? आम्ही तपासून बघितलं. लांब दांड्याच्या झाडूला घाबरतो, आपल्या साध्या केरसुणीला नाही. काकू म्हणाल्या, मग प्रश्नच नाही, आमच्याकडे केरसुणीच असते.

अजून पक्कं झालेलं नाही. बाल्कनीची जाळी या आठवड्यात बसतेय. ती बघायला मी जाईन, मग महिनाभर फोस्टर म्हणून (तात्पुरता सांभाळायला) तिथे राहील आणि त्यानंतर दत्तकाच्या सह्या.

सातासमुद्रापार, घरी करायची तयारी इथेच लिहिते, पारिजातक यांनाही उपयोगी पडेल. पहिले काही दिवस एकच खोली द्यायची, अख्खं घर नाही. लिटर एका कोपऱ्यात, खाणं-पाणी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, जवळजवळ नको. लपायला जागा हवीच : खोका आडवा ठेवून त्यात जुनी चादर. पलंगाखालून ओढून काढायचं नाही. निवाऱ्यात जे खाणं आणि जे लिटर वापरतो तेच सुरुवातीला ठेवायचं, बदल नंतर हळूहळू. पहिले दोन-तीन दिवस तो कमी खाईल, रात्री हिंडेल. रुळायला साधारण तीन आठवडे आणि आपलं घर वाटायला तीनेक महिने धरा. शेजारी-पाजारी बघायला येतील, त्यांना नम्रपणे पुढच्या महिन्यात बोलवा. आणि मुख्य दार! दूधवाला, कुरियर, कामवाल्या मावशी, सगळ्यांना आधी सांगून ठेवा. पळून जाणारी मांजरं खिडकीपेक्षा दारातूनच जास्त जातात.

पारिजातक

आम्ही काळूबाईला (सासूबाईंनी नाव ठेवलंसुद्धा) शनिवारी आणायला येतोय. पिंपरीपर्यंत रिक्षाने नेली तर चालेल का? की गाडीच हवी?

गोठ्यातला_डॉक्टर

रिक्षा चालेल, पण कडक झाकणाचा कॅरियर हवा. कापडी पिशवी किंवा नुसतं हातात धरून अजिबात नाही. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी द्या. कॅरियरवर पातळ ओढणी टाका, हवा खेळती राहू द्या. तिचा जो डोळा शाबूत आहे ती बाजू तुमच्याकडे येईल असा कॅरियर मांडीवर धरा, म्हणजे ती कमी दचकेल. घरी गेल्यावर कॅरियर खोलीत ठेवून दार उघडा आणि ती आपणहून बाहेर येईपर्यंत थांबा.

इंद्रायणीकाठ

पारिजातक, कॅरियर नसेल तर आमचा घेऊन जा, पुढच्या आठवड्यात परत करा. येताना ओळखपत्राची झेरॉक्स आणा आणि शक्य झालं तर सासूबाईंची जुनी सुती साडी, तिच्या खोक्यात अंथरायला. दुपारी चारनंतर या, आधी खोली धुण्याचं काम चालू असतं.